लिप्टनच्या खुर्चीखालची माणसं

श्रीलंकेत गेलात तर हपुतळेजवळची एक वाट जरूर चाला. थॉमस लिप्टनने १८९० मध्ये बांधलेल्या दंबातेन्नेच्या चहा कारखान्यापासून ती निघते आणि सातेक किलोमीटर चढून ‘लिप्टन्स सीट’ला पोहोचते. पहाटेच निघावं, उशीर झाला की धुकं सगळं गिळतं.

वर लिप्टनचा पुतळा आहे. पानं खुडणाऱ्या तमिळ मजुरांच्या वस्त्या खाली राहतात. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी दक्षिण भारतातून आणलं, आधी कॉफीसाठी, तिच्यावर रोग पडल्यावर चहासाठी. रांगेतल्या त्या खोल्यांना आजही ‘लाइन’ म्हणतात.

१९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने त्यांना विचारलं, तुमचा बाप इथेच जन्मल्याचा पुरावा कुठाय? मळ्यातल्या मजुराकडे कसला कागद असणार! लाखो माणसं बिनदेशाची झाली. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमाव बंदरनायके यांनी वाटणी केली: सव्वापाच लाख भारताला, तीन लाख सिलोनला, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. उरल्यासुरल्यांना नागरिकत्व देणारा कायदा यायला २००३ उजाडलं.

आपल्याकडे अलीकडे अब्बांचा शाळेचा दाखला, आजोबांचा सातबारा पत्र्याच्या पेटीतून निघून प्लॅस्टिकच्या पिशवीत आलाय. त्यामुळे ते मळे मला नुसते हिरवे दिसले नाहीत.

उतरताना एका लाइनीपाशी म्हातारीने तमिळमध्ये काही विचारलं. ‘इंडिया’ एवढंच कळलं. मी मान डोलावली. तिने बसायला ओटा दाखवला आणि चहा आणायला आत गेली.