पहाट कोणाची?

थोर माणसे पहाटे उठत, म्हणून आपणही पहाटे उठावे, असा उपदेश सर्रास केला जातो. तो अपुरा आहे. मोलमजुरी करणारी स्त्री पहाटेच उठते. पाणी, स्वयंपाक आणि मुलांची तयारी यांत तिची पहाट सरते. तिच्या ठायी उद्योगाची उणीव नसते; उणीव असते ती स्वतःच्या अशा वेळेची.

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात संसारी माणसाची दिनचर्या सांगितली आहे. पहाटे उठून काही पाठांतर करावे, यथाशक्ती ईश्वराचे स्मरण करावे. मग स्नान, पूजा, थोडा फलाहार आणि त्यानंतर संसाराचा धंदा, असा तो क्रम आहे. पाठांतराला त्यांनी धंद्याआधीचे स्थान दिले, हे विशेष. ‘यथाशक्ती’ हा शब्द मात्र उपदेशक सहसा विसरतात. हाच ग्रंथ माधवराव सप्रे यांनी हिंदीत आणला. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणाऱ्या या मराठीभाषक संपादकाचे १९२६ मध्ये रायपूर येथे निधन झाले.

त्याच रायपूरजवळ उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला पहाटे चारला उठण्याचा धडा देणे निर्दयपणाचे होय. तो दुपारी उठला आणि इतर कामांआधी त्याने अर्धा तास पुस्तक उघडले, तरी समर्थांचा क्रम पाळला जातो. त्या स्त्रीला मात्र असा अर्धा तास मिळायचा, तर पाण्याचा हंडा घरातील दुसऱ्या कोणीतरी उचलला पाहिजे.