मडक्यावर नाव कोणाचे?



संत गोरोबा काकांची गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. थापटण्याने संतांची डोकी तपासून कोणते मडके कच्चे ते सांगणारा तेरचा हा कुंभार सातशे वर्षे आपल्या आठवणीत आहे. पण आपल्या घरातला माठ कोणी घडवला, असे विचारले तर किती जणांना सांगता येईल? बाजारात आपण मडके चांगले वाजवून घेतो, घडवणाऱ्याची विचारपूस मात्र करत नाही. या अंकात याच विषयावर चार शब्द लिहितो.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको आणि अॅरिझोना भागात प्वेब्लो नावाचे आदिवासी समाज राहतात. त्यांच्या स्त्रिया शेकडो वर्षांपासून चाकाशिवाय मडकी करत आल्या आहेत. मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवायच्या, गुळगुळीत दगडाने घोटायच्या, युक्का नावाच्या झाडाच्या पानाच्या कुंचल्याने नक्षी काढायची आणि शेण-लाकडाच्या जाळात भाजायचे, अशी ही रीत. 1880 साली तिकडे रेल्वे पोहोचली आणि पत्र्याची स्वस्त भांडी आली. मडक्यांची गरज घटली. प्रवाशांसाठी घाईघाईत केलेल्या स्वस्त वस्तूच उरतील की काय, अशी वेळ आली.

तरीही ही कला टिकली. होपी भागातील नाम्पेयो या कुंभारणीने जुन्या गावाच्या खापरांवरील नक्षी पाहून ती पुन्हा जिवंत केली. सान इल्डेफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ (1887–1980) आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी 1919 च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी असलेली मडकी घडवली. मडके मारियाबाई घडवीत, नक्षी ज्युलियन काढीत. पुढे मडक्याच्या तळाशी सही येऊ लागली. मारियाबाईंनी ही विद्या स्वतःपुरती ठेवली नाही, गावातल्या इतरांनाही शिकवली. 1990 साली तिथे कायदा झाला. आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांच्या नावाने विकणे हा गुन्हा ठरला. करणाऱ्याला नाव मिळाले, योग्य भाव मिळाला आणि पुढची पिढी शिकली. माझ्या मते कला वाचली ती या तीन गोष्टींमुळे.

आता आपल्याकडे पाहू. संक्रांतीची सुगडी, अक्षय तृतीयेची घागर, उन्हाळ्याचा माठ, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीच्या पणत्या, लग्नातली चुन्याने आणि रंगाने सजवलेली मडकी. आपले वर्ष कुंभाराशिवाय पूर्ण होत नाही. माती आणणे, चाळणे, मळणे, चाकावर घडवणे, थापटून आकार देणे, वाळवणे आणि आव्यात भाजणे एवढे झाल्यावर एक माठ तयार होतो. वाळत घातलेल्या मालावर अवकाळी पाऊस आला की कित्येक दिवसांची मेहनत पुन्हा माती होते. चाक बहुधा पुरुष फिरवतो. माती मळणे आणि रंगकाम यांत घरच्या बायकांचे हात असतात, पण त्यांची गणती कोणी करत नाही. एवढ्या कष्टाच्या वस्तूवर आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि फ्रीजची किंमत मात्र मुकाट्याने देतो.

काही पालक म्हणतील, "गुरुजी, मुलांना आता माती कालवायला लावणार का?" प्रश्न रास्त आहे. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. तो डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो. जातीने धंदा ठरवण्याचे दिवस गेले. पण वडिलांचा धंदा सांगताना त्याची मान खाली जाऊ नये, आणि ज्याला हे काम करायचे आहे त्याचे पोट त्यावर भरावे, एवढीच माझी मागणी आहे.

सरकारने 2023 साली सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत कुंभारकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचे कर्ज अशी तरतूद आहे. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातील वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला आणि मध्य प्रदेशातील गोंड चित्रकलेला जीआय मानांकन मिळाले. म्हणजे हाताच्या कामाला मान मिळू शकतो. पण मानांकन कागदावर असते. माल शेवटी गिऱ्हाइकानेच घ्यावा लागतो.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की शाळेच्या पाण्याचे माठ आणि कार्यक्रमांच्या पणत्या परसवाडा परिसरातील कुंभारांकडूनच, त्यांनी सांगितलेल्या भावाने घ्याव्यात, आणि प्रत्येक माठावर घडवणाऱ्याचे नाव लिहावे. वर्षातून दोन दिवस त्यांना पाहुणे शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे. माठातले पाणी गार का होते, हा बाष्पीभवनाचा धडा त्यांच्या चाकाशेजारी बसून जितका समजेल, तितका फळ्यावर समजणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. या उन्हाळ्यात घरी माठ येईल तेव्हा तो कोणी घडवला आणि कोणी रंगवला, त्यांची नावे विचारून वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात ती सर्व नावे आपण छापू.

आपला,
प्राचार्य