तालमीचा ताळेबंद

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरात, वाडिया पार्कच्या मैदानावर पृथ्वीराज मोहोळ ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. पंचांच्या निर्णयावरून उठलेला वाद पुढे कितीतरी दिवस चघळला गेला. पण तिथे उतरलेले मल्ल ज्या तालमींतून आले, त्यांचं लाईटबिल कोण भरतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. आमचा हा अंक त्या लाईटबिलाबद्दल आहे.

आपल्या तालमी चालत आल्या त्या वर्गणीवर, जत्रेच्या इनामावर आणि वस्तादांच्या पदरमोडीवर. आखाड्यात लाल माती नुसती पसरून भागत नाही. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस जिरवावा लागतो. शिवाय आता मॅट हवीच. मल्लाचं दूध-तूप-बदाम घरच्यांच्या खिशातून. शहरातला कराटे क्लास मात्र पहिल्या दिवसापासून फी घेतो, गणवेशाचे आणि बेल्टच्या परीक्षेचे पैसे वेगळे घेतो. पालक कुरकुरतात, पण भरतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. शिकवणाऱ्याची चूल पेटली नाही, तर शिकवणं फार दिवस टिकत नाही. फक्त गरीब घरचं पोर फीपायी परत जाऊ नये, एवढी तरतूद हिशेबात आधीच धरावी.

जागेचं भाडं, मुलींच्या सरावाची वेळ, दुखापतीची जबाबदारी असे रोखठोक विषय पुढच्या पानांवर आहेत. गौरवगाथा मुद्दाम टाळल्या. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे तुम्ही तालीम किंवा क्लास चालवत असाल, तर तुमचा जमाखर्च आम्हाला लिहून कळवा. तोट्यातला असला तरी चालेल.