राखीव बाकावरची पोरे

बावधनला सकाळी दूध आणायला गेलो की माझा अर्धा तास मोडतो. दूधवाले मूळचे गावातले. जमीन इमारतींखाली गेली, चार म्हशी राहिल्या. परवा त्यांनी पिशवी हातात दिली आणि सोडेनात. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी गावच्या मैदानात कबड्डी खेळतो, चढाई बरी करतो. त्याला एका व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीचे बोलावणे आले आहे. "साहेब, तुम्ही बँकेत होता. पोराला कॉलेज सोडू देऊ का?"

कर्ज द्यावे की नाही, हे मी पस्तीस वर्षे सांगत आलो. पोर द्यावे की नाही, हे मला कुणी विचारले नव्हते. "विचार करून सांगतो," म्हणालो आणि घरी आलो.

विचार करायला नमुना लांब शोधावा लागला नाही. सात-आठ किलोमीटरवर बालेवाडी, तिथल्या क्रीडासंकुलात पुणेरी पलटणचे सामने झालेले. २०१४ पासूनच्या पहिल्या नऊ हंगामांत या संघाला एकदाही विजेतेपद नव्हते. आठवा हंगाम २०२१च्या डिसेंबरात सुरू झाला. करोनामुळे सगळे सामने बंगळुरूत, प्रेक्षकांविना. नितीन तोमर कर्णधार, राहुल चौधरीसारखे मोठे नाव संघात, आणि सुरुवातीला पराभवच अधिक. मग प्रशिक्षक अनुप कुमार यांनी चढाईला दोन पोरे पाठवायला सुरुवात केली. एक नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. पोरे बाद होत, पुन्हा जात. संघ पहिल्याच बाद सामन्यात गारद झाला. ताळेबंदात हा तोटाच दिसतो. पण पोरांना मॅटवर भरपूर चढाया मिळाल्या होत्या, आणि ती शिल्लक ताळेबंदात कुठे लिहितात?

पुढच्या लिलावात संघाने जे केले ते मला फार आवडले. पैसा पकडीवर घातला, चढाई पोरांकडेच ठेवली. इराणचा मुरलेला फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणला, त्यालाच कर्णधार केले. पाठीमागे भरवशाचा माणूस उभा असला की पुढे जाणारे पोर निम्मे मोकळे होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत अंतिम सामना, नेमके अस्लम आणि मोहित दोघेही जायबंदी, आणि जयपूरकडून २९-३३ असा पराभव. त्यानंतर फजलला जाऊ दिले आणि कर्णधारपद अस्लमकडे आले. अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे २०२३च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आले होतेच. १ मार्च २०२४ला हैदराबादेत पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवले. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. सौभाग्यवतींना वाटले, भूकंप झाला.

आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. नव्या क्लार्कला गर्दीच्या दिवशीच खिडकीवर बसवायचे आणि स्वतः मागे उभे राहायचे. एकदा पोराचे पाचशे रुपये कमी भरले. अर्धे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, अर्धे त्याला भरायला लावले. दुसऱ्या दिवशी खिडकीवर पुन्हा तोच. हे "पुन्हा तोच" फार थोड्यांना जमते.

माझा भाचा टोरंटोला असतो. तिथल्या बर्फावरच्या हॉकीत हरणाऱ्या संघांमध्ये सोडत काढतात आणि तीत पहिला येईल त्याला नव्या पोरांतून पहिली निवड. त्यांचा संघ शेवटचा आला आणि २०१६ मध्ये ऑस्टन मॅथ्यूज नावाचा गुणी मुलगा त्यांना मिळाला. तरी २०२५ पर्यंत करंडक काही आला नाही. शेवटचा जिंकला १९६७ मध्ये. भाचा दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी!

संघाच्या बाजूने हे सगळे ठीक. पण माझ्यापुढे उभा होता तो बाप. आमच्या उमेदीच्या काळात चांगला कबड्डीपटू म्हणजे बँक, रेल्वे, पोलीस. दुपारी काउंटर सोडून सरावाला जाणारी मुले मी पाहिली आहेत. आम्ही मागे कुरकुर करत असू. पण त्यांचा गुडघा गेला तरी एक तारखेला पगार होत असे. आता करार हंगामाचा. २०२४ला गतविजेत्या पलटणच्या कर्णधाराचाच गुडघा दुखावला, संघ आठवा आला आणि २९ डिसेंबरला बालेवाडीत अंतिम सामना रंगला तो हरियाणा आणि पाटणा यांच्यात! अस्लम परतला, २०२५ला संघ पुन्हा अंतिम फेरीत, दिल्लीकडून तीन गुणांनी हरला. त्या हंगामात आदित्य शिंदे हे मला नवे असलेले नाव गाजले. पण अस्लम परतला, त्याची वाट पाहणारे होते म्हणून. राखीव बाकावरच्या पोराची वाट कोण पाहणार?

पोरांवर संघ उभा करणे स्वस्त पडते असे म्हणतात. ते स्वस्त पडते, कारण उरलेली किंमत दूधवाल्याच्या घरात भरली जाते. निवड होत नाही त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. संघांनी पोर उचलताना त्याची परीक्षा आणि त्याचा गुडघा हे दोन्ही करारात घ्यावेत. पोरांच्या जिवावर करंडक उचलणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

काल त्यांना सांगितले, चाचणीला पाठवा, पण कॉलेजातून नाव काढू नका. परीक्षेचा फॉर्म आधी भरा. निवड झाली तर करार सही करण्यापूर्वी मला दाखवा. आणि विचारा, जायबंदी झाला तर दवाखान्याचे बिल कुणाचे, आणि हंगामात किती सामने मॅटवर, किती बाकावर? "असे विचारले तर घेतील का हो त्याला?" ते म्हणाले. मला उत्तर आले नाही. मागे पोरगा सायकलीला कॅन अडकवत होता. म्हणाला, "काका, फॉर्म सोमवारीच भरला." बापाला ठाऊक नव्हते.