खुर्ची सुटी करता आली पाहिजे

टाकाऊ प्लॅस्टिकच्या फर्निचरची जाहिरात बहुधा आकड्यांनी होते. या स्टुलात इतकी झाकणे, त्या बाकात इतक्या बाटल्या. पण आकड्यावरून वस्तूची लायकी ठरत नाही. अमेरिकेतल्या एमेको कंपनीने कोका-कोलासोबत 2010 मध्ये आणलेल्या खुर्चीच्या नावातच 111 हा बाटल्यांचा आकडा होता. मजबुतीसाठी बाटल्यांच्या त्या पेट प्लॅस्टिकमध्ये काचेचे तंतू मिसळले होते. खुर्ची दणकट झाली, पण तंतू मिसळलेल्या पेटची पुन्हा बाटली होणे नाही. म्हणून हाताने फर्निचर घडवणाऱ्यांनी कसोटीच बदलावी: ही वस्तू मोडल्यावर एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे सुटे तुकडे हाती येतात का?

या कसोटीची सुरुवात कारखान्यात नव्हे, कचरा निवडणाऱ्या हातांपाशी होते. एचडीपीई जातीचे प्लॅस्टिक साधारण 130 अंशांना वितळते, पॉलिप्रॉपिलीन 160च्या पुढे. फर्निचरच्या फळीसाठी दोन्ही तापवून एकत्र दाबली तर ती दिसायला देखणी होते, पण एकजीव होत नाही आणि ताण आला की तिथेच फुटते. चुकून पीव्हीसी प्लॅस्टिक शिरले तर तापवताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतील कचरावेचक रोज करतात ते वर्गीकरण म्हणजे डिझाइनची पहिली पायरीच; तिचा मोबदला वस्तूच्या किमतीत धरायलाच हवा. पुढे सुताराची अडचण येते. या फळ्यांना नेहमीचा डिंक धरत नाही, स्क्रूच लागतात. माझ्या मते ही अडचण नव्हे, सोय आहे. सतत भार राहिला की फळी वाकते, म्हणून दोन आधारांतले अंतर कमी ठेवावे लागते. पण स्क्रू काढून तुटलेली फळी तेवढी बदलता येते.

अशाने कचऱ्याचे डोंगर हटणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. एक चौरस मीटरच्या, दोन सेंटिमीटर जाड एचडीपीई फळीत जेमतेम 19 किलो प्लॅस्टिक जाते. कचरा संपवण्याचे दावे करूच नयेत. साच्यातली खुर्ची कितीतरी स्वस्त पडते, हेही खरेच. शिवाय ती बहुधा एकाच प्लॅस्टिकची असते, म्हणजे माझ्या कसोटीत अर्धी पास! पण तिचा एक पाय गेला की सगळी खुर्ची भंगारात जाते. हा फरक ग्राहकाला दुकानात दिसत नाही, त्यामुळे त्याच्या पसंतीवर विसंबून चालणार नाही. महापालिका बागांसाठी बाक घेतात, तेव्हा निविदेत तीन अटी घालता येतील: प्लॅस्टिकची जात फळीवर कोरलेली हवी, जोड स्क्रूचे हवेत आणि मोडका बाक परत घेण्याची जबाबदारी पुरवठादाराची.