पन्हे करायचे कोणी?

गेल्या चैत्रात आमच्या घरी वस्तीतील काही कुटुंबांचे एकत्रीकरण होते. विषय होता 'स्व-आधारित जीवनशैली'. पंच परिवर्तनातील हा मुद्दा मांडण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि गेली तीस-पस्तीस वर्षे स्वदेशीवर बोलत आल्याने मला फारशी तयारीही करावी लागली नाही. १९०५ची वंगभंगाची चळवळ, लोकमान्यांची चतुःसूत्री, परदेशी कपड्यांची होळी असे सर्व क्रमाने मांडून झाले. कल्याणमंत्र झाला आणि चिरंजीव आतून थाळा घेऊन आले. थाळ्यात कागदी पेले होते आणि पेल्यांत फसफसणारे काळे पेय. कोणी काही बोलले नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने पेला हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि मंद हसून तो तसाच खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सौ.ला विचारले, "अगं, चैत्र चालू आहे. पन्हं नाही का करायचं?" ती शांतपणे म्हणाली, "चाळीस माणसांचं पन्हं म्हणजे तीन किलो कैऱ्या उकडायच्या, सोलायच्या, गर काढायचा, गूळ चिरायचा, गाळायचं. शिवाय सगळ्यांसाठी आंब्याची डाळ. मी सकाळपासून सतरंज्या आणि भांडी यातच होते. तुम्ही तेव्हा टिपणं काढत होतात."

या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हते, आजही नाही. परंतु त्या दिवसापासून मला असे वाटू लागले आहे की, शीतपेयांच्या प्रश्नाची आपण आजवर जी मांडणी करत आलो, तिच्यात एक मोठी जागा रिकामी राहिली आहे.

थोडा इतिहास आठवून पाहा. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी मान्य नसल्याने कोकाकोला कंपनीने १९७७मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. जनता पक्षाचे सरकार होते, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. देशभर त्याचे स्वागत झाले. मग सरकारनेच 'डबल सेव्हन' नावाचे पेय बाजारात आणले, त्याच सुमारास 'थम्स अप' आले, 'कॅम्पा कोला' आले. आम्ही तरुण होतो. देशी कोला पिताना आम्हाला राष्ट्रकार्य केल्याचे समाधान मिळत असे. १९९३मध्ये कोकाकोला परत आली आणि तिने 'थम्स अप'सह पारले समूहाच्या शीतपेयांच्या नाममुद्रा विकतच घेतल्या. सोळा वर्षे आपण आपल्या मुलांच्या जिभेला कोलाची चव लावली आणि ती तयार जीभ अखेर मूळ मालकाच्या स्वाधीन केली. २०२३मध्ये रिलायन्सने 'कॅम्पा' पुन्हा बाजारात आणले, याचा उद्योग म्हणून मला आनंदच आहे. पैसा देशात राहणे ही लहान गोष्ट नव्हे. पण बाटलीवरचे नाव बदलले म्हणून बाटलीतील सवय बदलत नाही, हे एकदा अनुभवून झालेले आहे.

२००३चा ऑगस्ट महिना अनेकांना आठवत असेल. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, शरद पवार तिचे अध्यक्ष होते आणि २००४च्या अहवालात समितीने ते निष्कर्ष उचलून धरले. तेव्हा रस्त्यावर बाटल्या फोडल्या गेल्या, छायाचित्रे छापून आली. पुढच्या उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतींत त्याच बाटल्या पुन्हा दिसू लागल्या. बहिष्काराने एक जागा मोकळी केली होती, त्या जागी काय ठेवायचे याचा विचार कोणी केलाच नव्हता. किंबहुना तो विचार घरातील बायकांनी करावा, असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकले होते.

येथे मला एका ग्रंथातील गंमत सांगावीशी वाटते. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त पानकांचे स्वतंत्र वर्णन आहे. कच्चा आंबा पाण्यात शिजवावा, हातांनी चांगला मळावा, त्यात साखर आणि थंड पाणी घालावे, वर कापूर आणि मिरी घालावी, असा त्यातील आम्रप्रपानकाचा विधी आहे. म्हणजे आपले पन्हेच. फक्त वेलदोड्याच्या जागी मिरी. लिंबाच्या पानकातही एक भाग रसाला सहा भाग साखरपाणी आणि त्यात लवंग व मिरी सांगितली आहे. यातील कैरीचे प्रपानक कोणी निर्माण केले म्हणून ग्रंथकार सांगतात? भीमसेनाने! विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या, गदा पेलणाऱ्या त्या हातांनी. आपल्या परंपरेला पुरुषाने पन्हे करण्याचे वावडे नाही. वावडे आहे ते आपल्याला.

दुसरी गोष्ट मिरीची. पन्ह्यात, लिंबाच्या सरबतात आपल्या पूर्वजांनी तिखट का घातले असेल? आयुर्वेदाची मीमांसा वैद्य सांगतील. मला त्याचे उत्तर माझ्या भाच्याने दिले. तो पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. कार्यालयाच्या मेजवान्यांना त्याला जावे लागते. तो मद्य घेत नाही. एकदा म्हणाला, "मामा, न पिण्याचा त्रास नाही हो. त्रास असा की, न पिणाऱ्याला तिथे लहान मूल समजतात. बाकीच्यांच्या हातात काहीतरी कडक असतं आणि मला मिळतो निळा-हिरवा साखरेचा पाक, वर छत्री लावलेला. दोन घोटांत संपतो. मग उरलेले दोन तास हातात रिकामा ग्लास घेऊन उभं राहायचं."

मॉकटेल या नावाने आज जे विकले जाते त्याचे यापेक्षा नेमके परीक्षण मी ऐकलेले नाही. ज्या पेयाला धार नाही ते पटकन संपते. आले, मिरी, मिरची, मोहरी यांची चुणचुण घशाला लागली की माणूस थांबून, बोलत बोलत, घोट घोट पितो. मोठ्यांच्या बैठकीला मोठ्यांचे पेय लागते. मध्यमवर्गीय घरांत मद्याचा शिरकाव ज्या वेगाने होतो आहे, तो व्याख्यानांनी थांबेल असे मला वाटत नाही. परंतु न पिणाऱ्या तरुणाच्या हातात काही रुबाबदार ठेवता आले, तर त्याची बाजू थोडी सोपी होईल.

आणि असे ठेवण्याजोगे आपल्याकडे किती आहे! कोकणात व गोव्यात तिवळ आहे, आमसुलाचे पाणी, जिरे, हिंग, मिरची, कोथिंबीर. नारळाचे दूध आले की तीच सोलकढी. देशावर लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा असे, आले-मिरची वाटून घातलेला. तो आज 'वेलकम ड्रिंक'ने हुसकावला आहे. केरळात ताकात छोटे कांदे, आले, मिरची आणि कढीपत्ता ठेचून संभारम करतात. उत्तरेत होळीच्या सुमारास काळ्या गाजरांची कांजी मुरते, वाटलेल्या मोहरीच्या जोरावर तीन-चार दिवस उन्हात ठेवून. आंध्रात, विजयवाड्याजवळ मंगळगिरीच्या नरसिंहाला तर नैवेद्यच पानकाचा, गूळ, मिरी आणि वेलदोड्याचा. आणि रामनवमीला दक्षिणेत घरोघरी तेच सुंठ घालून होते. (यातील हिरवी मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, हे विसरू नये. चांगले ते घेऊन आपलेसे करायला स्वदेशीने कधी मनाई केलेली नाही.)

त्या एकत्रीकरणानंतर मी स्वतः या कामाला लागलो. प्रारंभी बऱ्याच चुका झाल्या. त्यातून जे हाती लागले ते सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण स्वयंपाकघरात अडाणी असतात.

आल्याचा रस काढून दहा मिनिटे तसाच ठेवावा. तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून वरचा रस घ्यावा. पेय स्वच्छ राहते. पुदिना मिक्सरमधून काढू नये, काळा आणि कडवट होतो. तळहातावर चुरगळून टाकला तरी पुरे. मिरची वाटून घातली की पाण्यासारख्या पेयात तिचा तिखटपणा घशाशी रेंगाळतो, कारण तो पाण्यात विरघळत नाही; ताकात किंवा नारळाच्या दुधात तीच मिरची सौम्य लागते. म्हणून सरबतासाठी मिरची उभी चिरून पाच मिनिटे पाण्यात ठेवावी आणि काढून घ्यावी. सोडा घालायचा असेल तर सर्वांत शेवटी, ग्लास तिरका धरून. सोडा आधी ओतून वर जिरेपूड व मीठ टाकले की सगळे उसळून टेबलावर येते. हा शोध मला पाहुण्यांसमोर लागला.

भाच्याला जे आवडले ते असे: ग्लासाला दोन चमचे कोकमाचे आगळ, अर्धा चमचा आल्याचा रस, चिरलेल्या मिरचीचे पाणी, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, हिंगाचा कण आणि वर थंड सोडा. आगळात मीठ असतेच, वेगळे घालू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर आगळाऐवजी साधी आमसुले भिजवून घ्यावीत. साखर अजिबात नाही. याबाबत आपण स्वतःशीही प्रामाणिक असले पाहिजे. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते म्हणून आपण नाक मुरडतो आणि गोडमिट्ट अमृत कोकम किंवा गुळाने ओथंबलेले पन्हे 'आरोग्यदायी' म्हणून तीन-तीन ग्लास पितो. शरीराला स्वदेशी साखर आणि विदेशी साखर असा भेद कळत नाही. तिखट, आंबट आणि खारट या चवींनी गोडाची गरज निम्म्यावर येते, हा या पेयांचा खरा लाभ आहे.

कोकमाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही झाडाखाली कुजणारे फळ कमी नाही. कोकम पिकते एप्रिल-मेमध्ये आणि पावसाची पहिली सर आली की वाळवण थांबते. त्या थोड्या दिवसांत फळे फोडायची, बिया वेगळ्या करायच्या, साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या, ही सगळी कोकणातील माउलींच्या हातची मेहनत. शहरातील एका घराने वर्षाला चार बाटल्या आगळ घेतले तर तो पैसा थेट त्या अंगणापर्यंत पोहोचतो. स्वदेशीची इतकी सरळ वाट मला दुसरी माहीत नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाविषयीही बोलले पाहिजे. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघरी पन्हे दिले जाते, ही आपल्या समाजाने जपलेली सुंदर गोष्ट आहे. पण माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एक विधवा आत्या होत्या. कैऱ्या किसायला, गूळ चिरायला त्या सकाळपासून असत. संध्याकाळी सवाष्णींना पन्हे देताना त्या आतल्या खोलीत बसत. आईने त्यांच्यासाठी पेला झाकून ठेवलेला मी पाहिला आहे, पण तो आतच दिला जाई. जे पेय तहान भागवण्यासाठी आहे ते देताना आपण कपाळ पाहत होतो. अनेक घरांतून ही रीत गेली. जिथे उरली असेल तिथे या चैत्रात तिला निरोप द्यावा. पन्हे बाहेरच्या बैठकीत, सर्वांना, आणि ज्यांनी केले त्यांना आधी.

यंदाच्या एकत्रीकरणाच्या दिवशी मी बोलण्याचे काम एका तरुण कार्यकर्त्याकडे सोपवले. सकाळी चिरंजीव आणि मी, दोघांनी मिळून कैऱ्या गॅसवर भाजल्या. उकडण्यापेक्षा भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला एक धुरकट वास येतो, त्यावर मिरी आणि सैंधव फार छान लागते. अर्धे पन्हे नेहमीचे केले आणि अर्धे तिखट. गर गाळताना ओट्यावर, जमिनीवर, चिरंजीवांच्या सदऱ्यावर, सगळीकडे कैरी झाली होती. सौ. बाहेर सतरंजीवर बसून व्याख्यान ऐकत होती. पेला तिच्या हातात दिला, तेव्हा तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "मिरी जरा जास्त झाली. पण आणखी आहे का?"