‘वैयक्तिक लक्ष’ विकत का घ्यावे लागते?

अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या मुलखातले तालुक्याचे गाव. मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसल्यामुळे त्याच्या नावाला ‘रेल्वे’ हा शब्द जोडला गेला आणि त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारपासून ते वेगळे ओळखले जाऊ लागले. या तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा दहावीला बरे गुण मिळवून विज्ञान शाखेकडे वळतो, तेव्हा कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालावे याची चिंता घरात फारशी होत नाही. चिंता असते ती अमरावतीला क्लास कोणता लावावा, खोली कोठे घ्यावी आणि मेसचे पैसे कोठून आणावेत याची. महाविद्यालयात केवळ नाव असते. शिकणे दुसरीकडे असते, आणि त्याचा दामही दुसरीकडेच मोजावा लागतो.

पंजाबराव देशमुख याच परिसरातील पापळचे. गावात पुढील इयत्तांची सोय नव्हती म्हणून त्यांना शिक्षणासाठी चांदूर रेल्वे, पुढे कारंजा आणि अमरावती अशी वणवण करावी लागली. ही वणवण पुढच्या पिढ्यांच्या नशिबी येऊ नये म्हणून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि वऱ्हाडातील कुणब्या-माळ्यांच्या, दलितांच्या मुलांना शिक्षणाची दारे उघडून दिली. आज त्याच तालुक्यांतील मुले पुन्हा अमरावतीची वाट धरीत आहेत. पंजाबरावांच्या लहानपणी गावात पुढच्या इयत्तांची शाळा नव्हती. आज शाळा आहे, इमारत आहे, फलकही आहे, आणि तरीही जावे लागते. छात्रालयाची जागा भाड्याच्या खोलीने घेतली, ही या प्रवासातील ‘प्रगती’!

क्लासवाल्यांच्या जाहिरातीत दोन शब्द हटकून असतात: ‘वैयक्तिक लक्ष’. आता तर त्याच्या जोडीला स्वतंत्र ‘मेंटॉर’, स्वतंत्र समुपदेशक आणि एकेका मुलासाठी वेगळी शिकवणी असे चढत्या दराचे प्रकारही आले आहेत. हे वैयक्तिक लक्ष म्हणजे नेमके काय? मुलाला कोणते गणित अडते, तो वर्गात गप्प का बसतो, त्याच्या घरी अभ्यासाला जागा आहे की नाही, हे एका मोठ्या माणसाला ठाऊक असणे. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलातील शिक्षक हेच काम करीत असत, आणि त्यासाठी निराळी पावती फाडली जात नसे. जे शिक्षकाच्या कामाचे अंगच होते, ते कापून वेगळे काढण्यात आले आणि मालाप्रमाणे दुकानात मांडण्यात आले. आणि हा माल विकत घेणाऱ्यांतील बहुतेकांच्या पदरी काय पडते? भरगच्च खोलीतील मागचे बाक.

ही स्थिती आपोआप आलेली नाही. 2000 साली राज्य शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. पूर्ण शिक्षक म्हणून काम घ्यायचे आणि तीन वर्षे तुटपुंजे मानधन द्यायचे, असा तो प्रकार. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या पदव्युत्तर तरुणाला 2023 पर्यंत महिना 9,000 रुपये मिळत होते. मग ते 20,000 झाले, तेही मोठ्या उपकाराच्या थाटात. 2001 साली ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले. 2009 साली त्यातील ‘कायम’ हा शब्द गळाला, पण अनुदानासाठी शिक्षकांची आंदोलने मात्र कायम राहिली. 2012 पासून कित्येक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ गोठवण्यात आली. वरिष्ठ महाविद्यालयांत तर तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी म्हातारी होत चालली आहे. ज्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष कोणत्या बळावर द्यावे? यांतील कित्येक जण अखेर त्याच क्लासच्या दारी नोकरीस उभे राहतात.

वर्ग ओस पडले, तेव्हा शासनाने काय केले? 2018 साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. मुले वर्गात का येत नाहीत, हे विचारण्याऐवजी त्यांचे अंगठे मोजण्याचा हा उद्योग! त्याच सुमारास खाजगी शिकवण्यांवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याचा मसुदाही चर्चेत आला होता. त्याचा कायदा काही झाला नाही. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, खोटी आश्वासने देऊ नयेत, मध्येच सोडणाऱ्याची फी हिशेबाने परत करावी, असे त्यात म्हटले आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. मात्र क्लासच्या फीवरील 18 टक्के वस्तू व सेवा कर वसूल करताना सरकार सूचनांवर भागवीत नाही. शाळेच्या फीवर हा कर नाही. शाळा कोसळली की महसूल वाढतो, असा हा हिशेब आहे.

केंद्र सरकारच्याच 2025 सालच्या पाहणीनुसार देशातील 27 टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणी घेतात: शहरांत 30.7 टक्के आणि खेड्यांत 25.5 टक्के. म्हणजे हे शहरी मध्यमवर्गाचे खूळ आहे, असे समजून कार्यकर्त्यांना आता स्वस्थ बसता येणार नाही. अकरावी-बारावीच्या टप्प्यावर शिकवणीचा दर विद्यार्थ्यामागील सरासरी वार्षिक खर्च शहरात 9,950 रुपये, तर ग्रामीण भागात 4,548 रुपये आढळला. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि बाजारात तोही मिळत नव्हता. तेव्हा ग्रामीण सरासरी म्हणजेच जवळजवळ एक क्विंटल सोयाबीन. सरासरीच्या आड मात्र पुष्कळ काही लपते. अमरावतीत मोठ्या क्लासला मुलगा घालणाऱ्या घराला क्विंटलवर थांबता येत नाही. तेथे पोत्यांची थप्पी लागते, आणि पोती संपली की सावकाराचे दार. शेतमजुराच्या घरी तर पोतेच नसते. रयतेच्या कराच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले उच्च शिक्षण घेतात, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडले होते. आजची रयत कर भरते, आणि वर क्लासची फीही भरते.

मुलींची गोष्ट याहून निराळी. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, आणि ती योजना चांगलीच आहे. पण तो पास शाळेचा आहे. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या क्लासला तो चालत नाही, आणि अंधारात गावाकडे जाणारी बसही नसते. मुलाला खोली करून देणारा बाप मुलीच्या बाबतीत ‘पाहू’ म्हणतो, आणि त्या ‘पाहू’मध्ये तिची बारावी निघून जाते.

यावर एक उत्तर तयारच असते: गरिबांसाठी मोफत क्लास काढा. नागपूरच्या ‘महाज्योती’मार्फत शासन इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त मुलांना टॅब देऊन ‘जेईई’, ‘नीट’ आणि सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण देते. ज्या मुलाला ते मिळाले, त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु त्या योजनेत दडलेला कबुलीजबाब वाचायला हवा. आपल्याच अनुदानित महाविद्यालयात शिकून मूल प्रवेशपरीक्षेला पुरे पडत नाही, हे शासनानेच मान्य केले आहे. मग दुरुस्ती महाविद्यालयाची करायची की मुलाच्या हाती टॅब ठेवायचा? पुढाऱ्यांच्या वाढदिवशी सुरू होणाऱ्या मोफत शिकवण्यांबद्दल काही न लिहिलेलेच बरे.

शिवाय सगळ्यांनाच क्लास मिळाला, तरी काय होईल? 2024 साली 23 लाखांहून अधिक मुले ‘नीट’ला बसली. वैद्यकीय पदवीच्या जागा होत्या सुमारे लाखभर, आणि त्यातील जवळजवळ निम्म्या खाजगी, म्हणजे पैसेवाल्यांच्या. क्लासने जागा वाढत नाहीत. गुणांची रेषा तेवढी वर सरकते. एकाने टाचा उंचावल्या की सगळ्यांनी उंचावायच्या, आणि दिसायचे पूर्वीइतकेच. त्याच वर्षी त्या परीक्षेच्या पेपरफुटीचे धागे लातूरपर्यंत पोहोचले आणि तेथे दोन शिक्षकांना अटक झाली, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. जेथे एका परीक्षेवर घरादाराची किंमत लागलेली असते, तेथे प्रश्नपत्रिकेलाही गिऱ्हाईक मिळतेच.

‘पालक स्वखुशीने पैसे देतात, त्यात कोणाचे काय गेले?’ असा युक्तिवाद पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या बैठकीतही ऐकू येतो. विहीर आटवायची आणि मग टँकरचे पाणी लोक ‘स्वखुशीने’ घेतात असे म्हणायचे, तशातलाच हा प्रकार आहे. शिक्षक संघटनांनाही एक प्रश्न टाळता येणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकाला खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. वेतनश्रेणीसाठी निघालेल्या मोर्चांत या कलमाचा उच्चार किती वेळा झाला? अशैक्षणिक कामांचे ओझे झुगारण्याची संघटनांची मागणी रास्तच आहे. पण ते ओझे उतरल्यावर मोकळा झालेला वेळ कोणाच्या मुलांना मिळणार, हेही त्यांनी सांगितले पाहिजे.

तेव्हा क्लासच्या दारावर दगड मारणे ही चळवळ नव्हे, आणि शेजारी मोफत क्लासचा मांडव घालणे हीदेखील नव्हे. मागणी एवढीच असू शकते: कनिष्ठ महाविद्यालयातील प्रत्येक मंजूर पदावर पूर्ण वेतनाचा शिक्षक, प्रवेशपरीक्षेचा अभ्यास त्याच वर्गात आणि त्याच वेळापत्रकात, संध्याकाळी उघडी राहणारी अभ्यासिका, आणि तेथून परतण्यासाठी एस.टी.ची शेवटची फेरी. चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा आणि नांदगाव खंडेश्वर या चार तालुक्यांतील कार्यकर्त्यांना याची सुरुवात उद्याच करता येईल. आपापल्या तालुक्यातील प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, प्रयोगशाळा किती दिवस उघडली, ही माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. जी यादी हाती येईल, ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि मग शिक्षण उपसंचालकांच्या अमरावती येथील कार्यालयाकडे मोर्चा न्यावा. त्या मोर्चात पालक पुढे असावेत, विशेषतः खोलीभाडे भरून थकलेले.